गाडीचा गॅस अन् वरची ओंजळ

आमच्या गाडीत जो गार वारा येते तो मी भरलेला आहे. हे मी कोणाले सांगतलं का लोक पहिले माह्याकडे पाहतात, मंग आमच्या घरच्यायकडे, म्हणजे माह्या नवऱ्याकडे, पाहतात, का बाई खरं बोलून राहिली का फेकून राहिली. मंग घरचे मान हलवतात, हो जी, तिनंच भरला, मी तं त्या दिवशी ट्रकवर होतो. एवढं ऐकलं का माहं मन भरून येते. मी आठवी शिकली, नववीत नाव होतं पण गेली नाही, अन् मले लहानपणापासून सगळ्याचंच भेव लागते, कुकरच्या शिट्टीचं, विजेच्या बटनाचं, मोठ्या दवाखान्याचं. म्हणून हे जसं झालं तसं लिहून ठेवते.

आमचं गाव दवनीवाड्याच्या पुढं आहे, घर रोडाले लागून. घरचे गोंदियाच्या एका राईस मिलचा ट्रक चालवतात, अन् दारात आमची एक जुनी पांढरी गाडी उभी राहते, दुसऱ्याची वापरलेली घेतली होती. तिचा एसी घेतला तेव्हा चांगला होता, मंग हळूहळू नुसता वारा फेकाले लागला. आमी लक्ष दिलं नाही. काच खाली केली का झालं, असं वाटे.

एप्रिलमध्ये माह्या माहेराहून येऊन राहिलो होतो. माहेर सालेकसा तालुक्यात, कचारगडाकडचं. दुपारचे दोन वाजले असतील, आमची पोट्टी माह्या मांडीवर, दीड वर्षाची लेक, अंग जरा कोमट लागे पण मले वाटलं उन्हानं. काच उघडली तं भट्टीसारखी गरम झाव आत ये, बंद केली तं जीव घुसमटे. आमगावच्या अलीकडे तिनं एकाएकी मान मागं टाकली. डोळे वर गेले, हात लाकडासारखे झाले, ओठ निळे. मी घरच्यायचं नाव घेऊन वरडली, कधी घेत नाही मी त्यायचं नाव. त्यायनं गाडी एका बोरिंगजवळ थांबवली, आमी तिच्या अंगावर पाणी टाकलं. दोन मिनिटं असतील का पाच, मले माहीत नाही. मंग ती रडली. तिचं रडणं ऐकून मी पण रडली.

गोंदियाच्या डॉक्टरनं सांगतलं, ताप डोक्यात चढला म्हणून झटका आला, लहान लेकरायले येते, पण एकदा नागपूरले नेऊन डोक्याचा तपास करून घ्या. अन् तोपर्यंत तिले गरम होऊ देऊ नका. एवढंच बोलले, पण ते वाक्य माह्या कानात बसलं. मी दिवसभरात दहा वेळा तिच्या काखेत थर्मामीटर लावू. सासू म्हणे, ‘‘लेकराची काख घासून घासून साल काढशील.’’

नागपूरची तारीख मे महिन्यातली मिळाली. लग्नाचा सीझन, रेल्वेत एसीच्या डब्यात जागा नाही, अन् साध्या डब्यात उभं राहाले जागा नाही. जातानी तं पहाटं निघू, गार राहते, पण येतानी दुपारच होणार होती. तेच ऊन, तीच गाडी, तीच मांडी. मी घरच्यायले म्हणलं, ‘‘अजी, एसी दुरुस्त झाल्याशिवाय मी पोट्टीले त्या गाडीत बसवत नाही.’’

गोंदियाच्या ज्या गॅरेजवाल्याकडे आमी जातो त्याले फोन केला. तो म्हणे, ‘‘अरे भाभी, हम तो बालाघाट में है, साली की शादी है, चार दिन बाद देखते ना आराम से.’’ आमच्याजवळ चार दिवस नव्हते. मंग घरच्यायनं पार्टच्या दुकानातून गॅसचा डब्बा आणला, फवाऱ्याच्या डब्ब्यासारखा दिसते, अन् त्याले लावाचा एक पाइप. म्हणे मी रविवारी भरतो, मी पाहिलं आहे गॅरेजमध्ये. रविवारी मिलवाल्यायनं त्यायले रायपूरकडे तांदूळ घेऊन पाठवलं. सोमवारी संध्याकाळी येणार, अन् मंगळवारी पहाटं आमाले नागपूरले निघाचं.

सोमवारी सकाळी मी फोन केला. ‘‘कधी येता?’’

‘‘ट्रक लायनीत उभा आहे, अजून खाली झाला नाही. सहा-सात तं वाजन.’’

‘‘मंग गॅस कधी भरता?’’

मंग म्हणाले, ‘‘पाहू ना.’’

ते पाहू ना म्हणाले का मी समजते. दोन दिवस झोप नाही, रात्री येऊन ते बोनेट उघडतील अन् पहाटं चार वाजता गाडी चालवतील, असं काही होणार नव्हतं. मी म्हणलं, ‘‘मले सांगा. मी भरते.’’

‘‘तू?’’

‘‘सिलेंडर कोण लावते घरी? मीच लावते ना.’’

‘‘सिलेंडर वेगळं, हे वेगळं. डब्बा फुटते, ऐकून राहिली का, चुकीच्या ठिकाणी लावला तं फुटते.’’

मी फोन ठेवला अन् घटाघटा पाणी पेली. मंग परत लावला, म्हणलं, बरोबरचं ठिकाण कोणतं ते सांगा.

सासू पोट्टीले घेऊन कूलरसमोर बसली होती. मी घरच्यायचा जुना शर्ट-पँट घातला, साडी इंजिनाच्या पंख्यात अडकन म्हणून. हातात त्यायचे ट्रकचे जाड हातमोजे. अन् डोळ्यात गॅस गेला तं आंधळी होशील असं ते म्हणाले होते म्हणून मोटरसायकलचं हेल्मेट घातलं, काच खाली करून. आंगणातून निघाली तं सासू दारात आली.

‘‘काय व, कोठं लढाईले चालली का?’’

‘‘आई, गाडीत गॅस भरते.’’

तिनं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. रोडावरून माणसं जाऊन राहिली होती, अन् आमच्या गावात सून अशी डोक्यावरचा पदर सोडून दारापुढं उभी राहत नाही. मले वाटलं आता बोलणी खाते. सासू म्हणे, ‘‘पदर नाही तं नाही, हेल्मेट तं आहे. कर काय कराचं ते. माह्या पोराची गाडी जाळू नको.’’

फोन स्पीकरवर करून शर्टाच्या खिशात ठेवला. छातीतून घरच्यायचा आवाज येऊन राहिला, मागं ट्रकायचे हॉर्न. बोनेट उघडलं. ते म्हणे, ‘‘दोन पाइप दिसतात का, एक जाड, एक बारीक? दोघायले टोप्या आहेत. एकीवर इंग्रजीत एल, एकीवर एच.’’

‘‘दिसल्या.’’

‘‘एच ले हात लावाचा नाही. काय लावाचा नाही?’’

‘‘एच ले हात.’’

‘‘परत बोल.’’

मी तीनदा बोलली. एल अन् एच मले येतात, आठवीपर्यंत इंग्रजी होतं. पण तरी मी एचवर घरातलं लाल पातळाचं चिंधूक बांधून टाकलं, गाठ मारून, म्हणजे भेवानं हात तिकडे गेला तरी चिंधूक लागलं पाह्यजे.

एलची टोपी काढाले गेली तं ती फुटलेलीच होती, अर्धी हातात आली. तेव्हा माह्या डोक्यात आलं, गॅस गेला कोठून? घरी सिलेंडर बदललं का मी रेग्युलेटरले साबणाचा फेस लावून पाहते, बुडबुडा आला तं गॅस निघून राहिला. इथं पण पाहावं. मी घरात जाऊन वाटीत निरमा घोळला, बोटानं त्या तोंडावर फेस ठेवला अन् श्वास धरून बसली. काहीच नाही. मंग एक बुडबुडा आला, हळूहळू फुगला, वाटाण्याएवढा झाला अन् फुटला. मंग दुसरा.

‘‘अजी, इथूनच निघून राहिला.’’

‘‘कोठून?’’

‘‘एलच्या तोंडातून. साबण लावून पाहिलं.’’

मंग ते म्हणाले, ‘‘हे तं गॅरेजवाल्यानं पण पाहिलं नसतं.’’ पाइपाच्या खोक्यात एक लहानशी चावी होती, आतली खिळी कसाची. मी ती हलकीच फिरवली, पाव फेरा असन, परत फेस लावला. बुडबुडा आला नाही. मी आणखी थांबली. आलाच नाही. हेल्मेटच्या आत मी एकटीच हसली असन, कोणाले दिसलं नाही.

मंग ते सांगत गेले अन् मी करत गेली. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. गाडी चालू करता येते मले, चालवता येत नाही. एसी पूर्ण, पंखा पूर्ण, दारं उघडी. बोनेटखाली गार करणारी मशीन आहे, तिले कंप्रेसर म्हणतात, गॅस कमी असला का ते टक्क करून लागते अन् लगेच सुटते. ते टक्क-टुक टक्क-टुक करून राहिलं होतं, उचकी लागल्यासारखं. पाइप डब्ब्यावर बसवला, आतली हवा जराशी सोडली, अन् दुसरं टोक एलवर दाबलं. खट्ट झालं. पण फुटलं काही नाही.

पाइपाले एक घड्याळासारखी चकती होती, तिच्यात रंग, पहिले निळा, मंग हिरवा, मंग पिवळा, शेवटी लाल. काटा निळ्यात होता. ‘‘डब्बा उभा धर. थोडं सोड, बंद कर, काटा पाहा. हिरव्यात आला का थांब.’’ मी थोडं सोडू, बंद करू, मनात दहा मोजू, काटा पाहू. डब्बा हातात गार होऊन राहिला, मोज्यातून बोटं सुन्न. काटा हलला. निळ्याच्या काठावर आला. मंग हिरव्यात गेला, मधोमध. कंप्रेसरची उचकी थांबली अन् ते लागूनच राहिलं. सासू पोट्टीले झोपवून उत्सुकतेनं पुढच्या सीटवर येऊन बसली होती, एसीच्या जाळीसमोर हात धरून. म्हणे, ‘‘व माय. फ्रिजसारखं लागून राहिलं.’’

इथं मी थांबाले पाह्यजे होती. घरच्यायनं पण तेच सांगतलं, अन् तेवढ्यात त्यायचा ट्रक लायनीत पुढं सरकला, ते म्हणाले खाली कराले घेऊन राहिले, मी करतो फोन, अन् कटला.

आता मी माह्या माहेरची गोष्ट सांगते, कारण चूक तिथूनच आली. आमच्याकडे धान कुडोनं मोजतात. लाकडाचं माप असते ते. माहे बाबा मोजाले बसले का मी बाजूले बसू. कुडो भरला, वर ढीग आला, तरी बाबा हातानं एक ओंजळ आणखी टाकत. काठाबरोबर सपाट माप देणं म्हणजे आमच्याकडे लाजेची गोष्ट, समोरचा काही बोलत नाही पण गावात सांगते. मी कोणाले वाटीभर साखर देली तरी वरून चिमूटभर टाकते. हात आपोआप जाते. अन् डब्ब्यात गॅस थोडा उरला होता, हलवलं तं खुळखुळ वाजे, अन् उद्या पोट्टीले न्याचं होतं. मले वाटलं, एवढंसं कायले ठेवाचं, जाऊ दे पोट्टीच्या नावानं वरची एक ओंजळ.

मी उरलेला सोडला. काटा हिरव्यातून निघाला, पिवळ्यात गेला, लालच्या जवळ जाऊन थरथराले लागला. मी झटकन बंद केलं. एक मिनिट काही झालं नाही. मंग इंजिनाचा आवाज जड झाला, कंप्रेसर टक्क करून सुटलं, अन् परत लागलंच नाही. सासूनं जाळीवरून हात काढला.

‘‘गरम येऊन राहिलं व.’’

मी गाडी बंद केली. फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. मी आंगणातल्या मांडवाखाली खाली बसली, हेल्मेट तसंच, अन् माहा श्वास आतल्या आत काचेवर आदळून राहिला, सगळं धुकं. घरात पोट्टी उठली अन् रडाले लागली. मले डोळ्यापुढं तेच दिसे, आमगावचा रोड, मागं गेलेली मान. सकाळपर्यंत निदान खराब तं नव्हता एसी, नुसता कमी होता. आता मीच मारून टाकला, असं वाटे.

सासू पोट्टीले कडेवर घेऊन आली. मले वाटलं आता म्हणते, सांगतलं होतं ना गाडी जाळू नको. ती म्हणे, ‘‘टोप काढ पहिले, चक्कर येऊन पडशील. काय केलं तू शेवटी?’’

‘‘थोडा जास्त टाकला. वरून.’’

‘‘काऊन?’’

‘‘सवय.’’

सासू पोट्टीले माह्या मांडीवर टाकून चुलीकडे गेली, भात चढवाले. अन् मी तिले पाहत राहिली. आमच्या घरचा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, लहान आहे, पाहुणे आले तेव्हा तिच्याच हातून एकदा तांदूळ जास्त पडला होता. वरचा कच्चा राहिला, खालचा लागला, कारण वाफेले फिराले जागाच राहिली नव्हती. मले एकदम वाटलं, गॅस पण फिरतच असन. त्या पाइपायमध्ये गोल गोल फिरत असन, तेव्हा गार करते. मी त्याले फिराले जागाच ठेवली नाही. मशीन मेली नाही, ती भेऊन बंद झाली. जसं मी बसली तसं.

फोन आला. मी एका दमात सगळं सांगतलं, कुडो पण सांगतला. मले वाटलं रागावतील. ते हसाले लागले. ‘‘अगे, गॅसले कोणी वरून ओंजळ टाकते का?’’

‘‘आता टाकली ना. काढाची कशी ते सांगा.’’

‘‘तुले कसं समजलं का काढाचीच आहे?’’

‘‘काटा पिवळ्यात आहे. हिरव्यात पाह्यजे.’’

मंग ते हसाचे थांबले. म्हणाले, गॅरेजवाले मशीन लावून काढतात, असा हवेत सोडाचा नाही, पण आज इलाज नाही. गाडी थंडी होऊ दे. मंग पाइप काढून त्या खिळीले चिमटीभर दाब, टिकली दाबल्यासारखं, अन् सोड. हात लांब, कपडा गुंडाळ, तोंड बाजूले. पुन्हा पाइप लाव, गाडी चालू कर, काटा पाहा.

मी परत हेल्मेट घातलं. पहिल्यांदा दाबलं तं फुस्स करून पांढरा धूर आला अन् कपड्यावर पांढरं दव जमलं, मे महिन्यात, आमच्या आंगणात. मी दोन पावलं मागं सरकली. मंग परत पुढं गेली. दाब, सोड, पाइप लाव, गाडी चालू, पाहा, गाडी बंद. चार वेळा केलं. चौथ्यांदा काटा पिवळ्यातून निघून हिरव्यात आला, अन् टक्क. ते लागलं. मी मनात शंभर मोजले. ते लागूनच राहिलं. डब्ब्यात काही उरलं होतं का नाही हे मी हलवून पण पाहिलं नाही.

फुटक्या टोपीच्या जागी पाइपाच्या खोक्यातली नवीन टोपी बसवली, एचचं चिंधूक सोडलं. मंग काचा लावल्या अन् पोट्टीचं थर्मामीटर आणून एसीच्या जाळीवर धरलं. त्या थर्मामीटरनं मले दीड महिना भेव घातलं होतं. आता त्यानं आकडाच दाखवला नाही. इंग्रजीत एल अन् ओ आलं, म्हणजे त्याच्या मोजण्याच्या पण खाली. सासूले दाखवलं. तिले वाचता येत नाही, पण तिनं ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, अन् शेजारचीले हाक मारली, ‘‘ये व, आमच्या गाडीत बसून पाहा. सुनेनं केलं.’’

दुसऱ्या दिवशी नागपूरले पोट्टीच्या डोक्याले तारा लावल्या, तपास झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या घाबराचं कारण नाही, मोठी झाली का जाईन, ताप आला तं लवकर उतरवत जा. आमी दीडच्या सुमाराले निघालो. भंडाऱ्यापर्यंत मी नुसता कंप्रेसरचा आवाज ऐकत राहिली. बाहेर रोडावर पाणी सांडल्यासारखं चमकून राहिलं होतं, मोटरसायकलवाले तोंडाले दुपट्टे बांधून. पोट्टी माह्या मांडीवर झोपली. मी तिच्या कपाळाले हात लावला, कोरडं. काखेत थर्मामीटर लावलं, बरोबर होतं. साकोली गेली, तेव्हा तिनं झोपेतच पाय पोटाशी घेतले अन् माह्या पदरात तोंड घुसवलं. मी तिच्या तळपायाले हात लावून पाहिला.

मी म्हणलं, ‘‘अजी, पंखा एक नंबरानं कमी करा. पोट्टीले थंडी वाजून राहिली.’’

त्यायनं आरशातून माह्याकडे पाहिलं अन् पंखा कमी केला.